मधलीखारचा वाण

गाईच्या कासेला सूज येते, कास कडक होते आणि दुधात गुठळ्या येतात, तेव्हा आमच्या पुस्तकांत त्याला कासदाह म्हणतात. कुलाबा जिल्ह्यात दगडी म्हणतात. दगडी हा शब्द जास्त अचूक आहे, असं मी एकदा आमच्या साहेबांना म्हटलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मिस चौलकर," ते म्हणाले, "आपण इथे शब्द गोळा करत नाही. जंतू गोळा करतो."

अडचण अशी होती की जंतू फारच गोळा झाले होते. आम्हाला दगडीवर लस करायची होती. मारलेले जंतू गाईला टोचले की तिचं रक्त त्यांची ओळख धरतं आणि पुढे जिवंत जंतू आले तर त्यांना थारा देत नाही. तत्त्व एवढंच. पण भाताचे असतात तसे जंतूंचेही वाण असतात, आणि एक वाण ओळखणारी गाय दुसऱ्याला ओळखेलच असं नाही. मुंबईच्या तबेल्यांतल्या दुधात आम्हाला इतके वाण सापडले होते की लशीचा नेम कोणावर धरायचा हेच ठरेना.

साहेबांचं म्हणणं असं, की तबेल्यांत दहा मुलखांची जनावरं येतात, म्हणून दहा मुलखांचे जंतू येतात. एखादं आडबाजूचं गाव घ्या, तिथे एकच वाण मिळेल. तो मिळाला की तोच आपला नेम. वर्षाअखेरीला आमचं काम तपासायला समिती येणार होती. तोवर नेम सापडला नाही तर कासेचं काम बंद होणार होतं आणि माझं टेबल विहिरीच्या पाण्याच्या तपासणीकडे जाणार होतं. टेबलाबरोबर मीही जाणार होते. विहिरीच्या पाण्याबद्दल माझ्या मनात आकस नाही, पण दोन वर्षं मी झोपेतसुद्धा कासेचाच विचार करत होते, आणि असं सांगणारी दुसरी स्त्री मला अजून भेटलेली नाही.

आडबाजूचं गाव म्हणून मधलीखार मिळालं. मांडव्याच्या पलीकडे, खाडीच्या आत, भरतीला मचवा लागतो आणि ओहोटीला चिखल लागतो असं. घरं भातशेती करणाऱ्यांची. त्या वर्षी निम्म्या गावाच्या गाईंना दगडी झाली होती.

माझी उतरायची सोय आवडाबाईंकडे केली होती. आवडाबाई विधवा होत्या, उंच होत्या, आणि गावात त्यांच्या शब्दाला पाटलाच्या शब्दाहून जास्त वजन होतं. हे पाटील गुणाजी स्वतःच मला सांगून गेले. मी ओटीवर पाय ठेवते न ठेवते तोच आवडाबाईंनी विचारलं, "कुठली गं तू?"

"मुंबईची."

"मुंबई काय गाव हाय? आडनाव काय?"

"चौलकर."

"मंग तशी सांग ना चौलची म्हनून!" त्या आत वळून ओरडल्या, "नीराबाय, अगो आपल्या जिल्ह्याची लेक हाय ही!"

माझे आजोबा चौलहून लहानपणीच निघाले होते आणि परत गेले नव्हते. पण त्या क्षणापासून मी मधलीखारची माहेरवाशीण झाले. शास्त्रीय कामाला ही गोष्ट किती घातक ठरेल याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

शेजारच्या नीराबाई मला बघायला आल्या. त्यांच्या गाईला दगडी झाली होती आणि ती दिवसभर हंबरत असे. तिचं हंबरणं आवडाबाईंच्या ओटीवर स्पष्ट ऐकू येई, आणि आवडाबाई ते ऐकू येत असल्याचं दर वेळी बोलून दाखवत.

"अख्ख्या गावात दगडी शिरली," त्या मला म्हणाल्या, "पन माझ्या बगळीच्या कासेवर माशी बसली न्हाय. ज्याची त्याची निगा असते."

बगळी म्हणजे त्यांची गाय. पांढरीशुभ्र, बारीक मानेची, आणि माणसांकडे बघण्याची तिची पद्धत थेट मालकिणीची.

"निगा नव्हं," नीराबाई म्हणाल्या, "तुझ्या तोंडाला भिऊन दगडी दारातनं परत गेली."

दूध मीच काढणार होते. नीराबाईंच्या गोठ्यात मी सडाला स्पिरिटचा बोळा लावला आणि पुढचं मला नीट आठवत नाही. गाईने मला शेणाच्या पाटीपर्यंत पोचवलं होतं. गोठ्याबाहेर जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. त्या दिवसापासून मला गोठाबंदी झाली. परक्या माणसाला गाय पान्हा सोडत नाही, आणि वर दृष्टही लागते, तेव्हा दूध बायकांनी काढावं आणि मी ओटीवर बसून तांदळाची भाकरी खावी, असं ठरलं.

बाटल्या मी मुंबईहून निर्जंतुक करून, तोंडाला कापूस लावून, कागदात गुंडाळून आणल्या होत्या. पहिल्या खेपेला त्या सगळ्या मला दुधाने भरून, पण लखलखीत होऊन परत मिळाल्या. आवडाबाईंनी त्या राखेने आणि काथ्याने घासल्या होत्या.

"कापूस कुठे गेला?" मी विचारलं.

"टाकला. मयताच्या नाकात घालतात तसा घातलेला. दुधाच्या भांड्याला असं करतात व्हय?"

त्या खेपेच्या दुधात चुलीतले, शेणातले, काथ्यातले असे सगळे जंतू निघाले. कासेतला कोण आणि काथ्यातला कोण हे सांगणं माझ्या शिक्षणापलीकडचं होतं.

दुसऱ्या खेपेला मी बायकांना ओटीवर बसवलं आणि सगळं करून दाखवलं. बाटली घासायची नाही. कापूस शेवटच्या क्षणी काढायचा. सड बोळ्याने पुसायचा, पहिली धार जमिनीवर सोडायची, दुसरी बाटलीत. ज्या सडाला दगडी आहे त्याच सडाची. बायकांनी हे इतक्या निमूटपणे ऐकलं की मी माझ्याच बोलण्यावर खूष झाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अकरा घरांच्या अकरा बाटल्या माझ्यासमोर आल्या. कापूस जागच्या जागी, बाहेर एक थेंब सांडलेला नाही. अंबाजी कोळ्याने आपल्या मासळीच्या बर्फातला अर्धा बर्फ मला दिला आणि माझे नमुने पापलेटांच्या शेजारी बसून मुंबईला आले.

आठवडाभरात निकाल लागला. अकराही बाटल्यांत जंतू होता, आणि तो एकाच वाणाचा होता. मी तपासणी पुन्हा केली. तोच वाण.

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. एरवी ते फक्त समितीसाठी उठत.

"सापडला!" ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? एक गाव, एक वाण! मिस चौलकर, या वाणाला आपण गावाचं नाव देऊ. मधलीखार वाण."

त्यांनी लगेच तो वाण मोठ्या चंबूत वाढवायला घातला, समितीला कळवलं, आणि पहिल्या टोचणीसाठी मधलीखारच्याच गाई घ्यायच्या असं ठरवलं. मला आनंद झाला होता. विहिरीचं पाणी दूर गेलं होतं. पण बाटल्यांत थोडं दूध उरलं होतं, आणि उरलेलं दूध टाकण्यापूर्वी मोजायची मला सवय आहे. मी त्यातला स्निग्धांश काढला. अकरा बाटल्यांत तो सारखाच निघाला. रंगही सारखाच, किंचित पिवळट, कारण प्रत्येकीत चिमूटभर हळद होती. आणि एकाही बाटलीत गुठळी नव्हती.

मी साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"सर, अकरा गाईंचं स्निग्धांशावर एकमत झालं आहे."

"मग?"

"आपल्याकडे सहा माणसांचं चहातल्या साखरेवर होत नाही."

"एक गाव, एक गवत," साहेब म्हणाले.

"आणि दगडीच्या दुधात गुठळ्या नाहीत, सर."

"सुरुवातीची अवस्था असेल. मिस चौलकर, तुमचा स्वभाव संशयी आहे. शास्त्रात तो चांगला, पण समितीपुढे नव्हे."

तरी टोचण्याआधी ताजे नमुने घेऊ द्यावेत, एवढं मी त्यांच्याकडून मिळवलं. पण साहेब म्हणाले, आता मीच येतो. लोकांना चार शब्द सांगायला हवेत.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. मचवा काठापासून बराच दूर थांबला आणि मध्ये गुडघाभर चिखल पसरला होता. मी साडी खोचली आणि उतरले. साहेबांच्या पायांत नवे बूट होते. त्यांनी चिखलाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि मग अंबाजी न बोलता त्यांच्यापुढे पाठ करून वाकला. अशा रीतीने आमच्या खात्याचे मुख्य अधिकारी मधलीखारला पाठुंगळीवरून दाखल झाले. एका हातात छत्री होती. दुसरा हात अंबाजीच्या गळ्यात होता.

"साहेब, गला आवलू नका," अंबाजी एवढंच म्हणाला, "न्हायतर दोघं बी बसू."

मारुतीच्या देवळासमोर गाव जमलं होतं. आवडाबाईंनी बगळीलाही आणून शेजारच्या आंब्याला बांधलं होतं. साहेब मोठे, तेव्हा त्यांना गावातली चांगली गाय दिसायला हवी. साहेबांना त्यांनी पितळी पेल्यातून दूध दिलं. उकळलेलं होतं, हे मी आधी विचारून घेतलं.

साहेब बोलायला उभे राहिले. ते चांगले बोलत. जंतू म्हणजे काय, लस म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि चमत्कार बघा! या गावातल्या अकरा घरांतून दूध आलं. घरं वेगळी, गाई वेगळ्या, पण प्रत्येक बाटलीत जंतूचा वाण एकच! का? या का-चं उत्तर शोधायला शास्त्रज्ञाला जन्म घालवावा लागतो!"

"त्यात जन्म कशाला घालवायचा?" आवडाबाई खालून म्हणाल्या. "एकच असनार. गाय एकच व्हती ना."

साहेबांचा हात हवेत राहिला.

"कोणती एक गाय?"

"ही काय. बगळी." आवडाबाईंनी अभिमानाने आंब्याकडे हात केला. "अकराच्या अकरा बाटल्या म्यां सोता भरल्या. बाय बोलली तसं. बोल्यानं पुसून, पैली धार भुईवर, दुसरी बाटलीत, समद्या एकाच सडाच्या, हाताशी येतो त्याच्या. इचारा नीराबायला. आन् बगळीचं दूध गावाबाहेर जातंय म्हनून चिमूटभर हलद, दृष्ट लागाया नको."

मी उभी होते तिथेच म्हणाले, "आवडाबाई, मी दगडीचं दूध मागितलं होतं."

"मागितलं व्हतंस."

"मग?"

"मागितलं म्हनून द्यायचं? चौलची लेक पैल्यांदा दारी आली, तिला नासकं दूध बांधून देऊ? लोक काय बोलतील आमाला?"

बायकांनी माना हलवल्या. नीराबाईंनीसुद्धा.

"आन् दुसरं," पाटील गुणाजी खाकरून म्हणाले, "दगडीचं दूध गावाबाहेर जात न्हाय. ओहोटी लागली का खाडीत सोडायचं. समुद्र नेतो. पार पूर्वीपासनं तसंच हाय. तुमचा मचवा गेला भरतीवर. भरतीवर दगडी गेली तर जाईल तिथं उतरनार. मुंबईच्या गाईंनी आमचं काय घोडं मारलंय?"

मुंबईच्या गाईंसाठी एवढा विचार आमच्या खात्यानेही कधी केला नव्हता.

साहेब हळूहळू खाली बसले. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं: मोठा चंबू, समितीला गेलेलं पत्र, गावाचं नाव. मग त्यांच्या मनात पुढचा विचार आला, आणि तो त्यांनी मनात ठेवला असता तर बरं झालं असतं.

"पण त्या बाटल्यांत जंतू होते," ते म्हणाले. "मिस चौलकर, जंतू होते ना? म्हणजे ही गाय आजारी आहे!"

गावाने मान वळवून आधी बगळीकडे पाहिलं, मग आवडाबाईंकडे.

"कोन आजारी?" आवडाबाईंनी विचारलं.

"ही. बगळी."

"माझी बगळी?"

पदराआडून कोणीतरी फिस्सकन हसलं. ते नीराबाईंचं हसू होतं, आणि ते सगळ्यांना ओळखू आलं.

आवडाबाई उठल्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "माझ्या गाईचं दूध पेला भरून पोटात घातलंत, मिशीला अजून लागलंय, आन् तिलाच आजारी बोलताय? जी गाय आजारी तिचं दूध मी पाव्हन्याला देईन? मी?"

"तसं नव्हे बाई, शास्त्र असं सांगतं की..."

"शास्त्र असूदे तुमच्या घरी! पाटील, मचवा बोलवा. जायाची येल झाली यांची."

गुणाजी पाटलांनी माझ्याकडे बघून असहायपणे हात हलवला. माणसं उठायला लागली. मला स्पष्ट दिसत होतं की हा मचवा सुटला तर मधलीखारची एक बाटलीही मला पुन्हा मिळणार नाही, आणि मधलीखारशिवाय समितीपुढे ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. विहिरी आपल्या जागी वाट बघत होत्या.

"आवडाबाई," मी म्हणाले, "साहेब चुकतही असतील. बघून घेऊ या."

"कसं बघनार?"

माझ्या पिशवीत कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची छोटी बाटली होती. दुधाचे थेंब घ्यायचे, त्यांत हे पाणी घालायचं आणि काडीने घोटायचं. चांगलं दूध पातळच राहतं. दगडीचं दूध घट्ट होऊन काडीला धरतं, मग ते डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसत असलं तरी. मी हे सांगितलं, आणि आवडाबाईंची लाज राखावी म्हणून पुढे म्हणाले, "आधी नीराबाईंच्या गाईचं दाखवते. तिची दगडी सगळ्यांना ठाऊक आहे. बगळीचं मग गोठ्यात, आपण दोघीच बघू."

"नीरीच्या गाईचं आधी?" आवडाबाई म्हणाल्या. "का म्हनून? देवलापुढं काय बी असो, पैला मान माझ्या घराचा. पैली बगळी. आन् इथंच. सगल्यांच्या म्होरं."

 शाळेतून एक काळी पाटी आणवली. तिच्यावर मी खडूने चार घरं आखली. आवडाबाईंनी बगळीच्या चार सडांची दुधं चार वाट्यांत काढून दिली, बोळ्याने पुसून, पहिली धार भुईवर सोडून. त्यांच्याइतकी नेमकी पद्धत आमच्या प्रयोगशाळेत कोणाची नाही. फक्त त्या गाय बदलत नसत.

पहिल्या घरातलं दूध पातळ राहिलं. दुसऱ्यातलं राहिलं. तिसऱ्यातलंही राहिलं, आणि आवडाबाईंनी साहेबांकडे असं पाहिलं की साहेबांनी मिशी पुसली. चौथा सड मागचा, उजवा. मी काडी फिरवली. दूध आधी जड झालं, मग पेजेवर साय धरावी तसं एकत्र आलं, आणि मी काडी उचलली तेव्हा काडीबरोबर सगळंच वर आलं.



"दे हिकडं," आवडाबाई म्हणाल्या. त्यांनी ते पुन्हा स्वतःच्या हाताने करून पाहिलं. काडी वर आली. दूधही वर आलं. त्या उठून बगळीपाशी गेल्या आणि तिच्या कासेवरून हात फिरवला. बगळी रवंथ करत लांब कुठेतरी पाहत होती.

मला वाटलं, संपलं. नीराबाई तर पुढे सरकल्या होत्या आणि काहीतरी बोलण्यासाठी त्यांनी पदर तोंडावरून काढलाही होता. पण आवडाबाई त्यांच्या आधी वळल्या.

"बघितलंत?" त्या गावाला म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "बघितलंत गं माझी गुनाची? दुखनं अंगावर काढीत व्हती! एक शब्द बोलली न्हाय. दूध कमी केलं न्हाय, लाथ मारली न्हाय. न्हायतर काही काहींच्या. जरा कास धरली तर अख्खी खाडी डोक्यावर घेतात."

"माझी हंबरते," नीराबाई ताडकन म्हणाल्या, "कारन तिला चारी सडांना हाय! तुझ्या बगळीला एकाच सडाला. एका सडाच्या दगडीत काय हंबरायचंय?"

"चारी सडांना?" पलीकडून चंद्राबाई उठल्या. "तुझ्या गाईचा एक सड चांगला हाय, मी डोल्यांनी बघितलाय. आमच्या तांबूला रगत येतं दुधातनं."

"रगत आमच्या बी येतं!"

"कवा गं? काल न्हाय बोललीस!"

"काल कोनी इचारलं न्हाय!"

मी एवढंच म्हणाले, "मग पाटीवर दाखवा."

पाटी तीन वेळा धुवावी लागली. बायका वाट्या घेऊन धावत होत्या. जिचं दूध काडीला जास्त चिकटे ती बाकीच्यांकडे वळून पाही. ज्यांच्या गाई धडधाकट होत्या त्यांची फार अडचण झाली. एका बाईने तर आपलं दूध पातळच राहिलं तेव्हा माझ्या सोड्यातच काही दम नाही असं सांगितलं. साहेब आंब्याखाली बसून हे सगळं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर चंबू अजून होता.

"बाटल्या भरायच्या?" मी अखेर आवडाबाईंना विचारलं. "ज्याच्या त्याच्या गाईच्या? आजारी सडाच्या?"

त्यांनी विचार केला. "लेकीला नासकं द्यायचं म्हंजे..."

"लेकीला नका देऊ. खात्याला द्या."

हे त्यांना पटलं. राहिला प्रश्न समुद्राचा. पाटील आणि आवडाबाई बाजूला जाऊन बराच वेळ बोलले आणि निर्णय सांगायला परत आले. दगडीचं दूध गावाबाहेर जाईल, पण ओहोटीवरच. म्हणजे समुद्रानेच नेलं असं होईल. आणि तपासणी झाल्यावर उरेल ते मुंबईत नाल्यात ओतायचं नाही. तिथल्या समुद्रात सोडायचं, तेही ओहोटी बघून.

"कबूल," मी म्हणाले.

"तुझं कबूल न्हाय चालायचं. साहेबांनी बोलायचं."

साहेब उठून उभे राहिले. "कबूल," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी केलेलं हे सगळ्यात छोटं भाषण.

म्हणून पुढच्या ओहोटीपर्यंत आम्हाला थांबावं लागलं आणि ओहोटीला पुन्हा तोच चिखल. साहेब काठावर येऊन अंबाजीची वाट बघत उभे राहिले. अंबाजी आला, त्यांच्यापुढे वाकला, आणि बर्फाची पेटी उचलून निघाला.

"अरे, मी!" साहेब म्हणाले.

"आधी दगडी जाऊंदे, साहेब," अंबाजी चिखलातून म्हणाला. "ती नाशिवंत हाय."

या वेळच्या बाटल्या मी उघडल्या तेव्हा आत दही म्हणावं की दूध, असा प्रश्न पडला. मला फार बरं वाटलं. त्यांत सापडलेले वाण मात्र एक नव्हते. नीराबाईंच्या गाईचा वेगळा, चंद्राबाईंच्या तांबूचा वेगळा, काहींत दोन दोन. मधलीखार आडबाजूला होतं, पण तिथल्या जंतूंना ते ठाऊक नव्हतं. साहेबांनी निकाल वाचला आणि चंबू कपाटात ठेवून दिला.

"म्हणजे नेम धरण्यासारखं काहीच नाही," ते म्हणाले. "तुमचं टेबल, मिस चौलकर... मी पाण्याच्या विभागाशी बोलतो."

"एकदा या बशा बघा, सर," मी म्हणाले.

मी सगळे वाण सशाच्या रक्ताच्या बशांवर वाढवले होते. लालबुंद बशीवर जंतूंचे छोटे ठिपके होते. काही पिवळे, काही पांढरे, काही फुगीर, काही चपटे. पण जवळजवळ प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडं पडलं होतं. नीराबाईंच्या बशीत कडं, चंद्राबाईंच्या बशीत कडं, बगळीच्या बशीतही. फक्त दोन बाटल्यांतल्या जंतूंना ते नव्हतं.

"जवळजवळ सगळे एकच विष सोडतात, सर. नेम वाणावर धरायला नको. विषावर धरू. विष फॉर्मालिनने निष्प्रभ करायचं आणि तेच टोचायचं. मग वाण कोणताही येवो."

साहेबांनी बशा एकेक करून खिडकीजवळ नेल्या आणि उजेडासमोर धरल्या. ते बराच वेळ कडी मोजत होते.

"हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"अकरा बायका आपापल्या दगडीवरून भांडत होत्या तेव्हा. प्रत्येकीची वेगळी, असं प्रत्येकीचं म्हणणं. पण पाटीवर काडी सगळ्यांचीच वर येत होती. पाटीवर दूध घट्ट होतं ते गाईच्या पेशींमुळे, सर, विषामुळे नव्हे. तो पुरावा नाही. पण वेगवेगळ्यांत सारखं काय ते शोधावं, असं डोक्यात आलं."

 समिती आली तेव्हा साहेब उठून उभे राहिले आणि सगळ्या बशा त्यांनी स्वतः मांडल्या. विषाची लस करून बघायला आम्हाला आणखी एक वर्ष मिळालं. टेबल जागेवर राहिलं. विहिरींना दुसरं कोणीतरी मिळालं, आणि ते सुखात आहे असं ऐकते.

पहिली टोचणी कोणाला, हा प्रश्न आम्हाला ठरवावा लागला नाही. आवडाबाईंचा निरोप आला, पहिला मान बगळीचा. शिवाय त्यांनी ऐकलं होतं की जंतूला गावाचं नाव दिलं आहे. ते त्यांना पसंत नव्हतं. गावाचं काय म्हणून? गाय कोणाची? तेव्हा आमच्या शीतकपाटातल्या त्या वाणाच्या नळीवरची चिठ्ठी बदलली. आता तिच्यावर माझ्या अक्षरात 'बगळी, मागचा उजवा सड' असं लिहिलेलं आहे.

उरलेलं दूध मी उकळून निर्जंतुक केलं. शास्त्राच्या दृष्टीने ते त्यानंतर कुठेही ओतलं असतं तरी चाललं असतं. मी बाटल्या पिशवीत भरत होते तेव्हा साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं, आणि भरती-ओहोटीच्या वेळा छापतात ते पान वर दुमडलेलं होतं.

"घाई करू नका, मिस चौलकर," ते म्हणाले. "अजून भरती आहे."